सेनापतीला जाब कोणी विचारावा?

शिपायाने हुकूम पाळावा, प्रश्न विचारू नयेत, असे आपली वडीलधारी मंडळी म्हणतात. लढाई चालू असता ते खरेच. पण लढाई संपल्यावर?

इटलीत जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकेच्या ३६व्या डिव्हिजनला रॅपिडो नदी ओलांडण्याचा हुकूम झाला. ही डिव्हिजन मूळची टेक्सस राज्याची. नदीला ओढ जबर, पलीकडे जर्मन तोफा. डिव्हिजनचे जनरल वॉकर यांनी हल्ला फसेल ही धास्ती रोजनिशीत आधीच लिहिली होती. पण वरचे सेनापती मार्क क्लार्क यांचा हुकूम कायम राहिला. दोन दिवसांत १,६८१ माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली.

जानेवारी १९४६ मध्ये त्याच डिव्हिजनच्या माजी सैनिकांनी ठराव केला, की काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने चौकशी करावी. संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. युद्धमंत्री पॅटरसन यांनी हल्ला आवश्यक होता असे कळवले आणि प्रकरण मिटले. क्लार्क १९५२ मध्ये कोरियात सरसेनापती झाले.

क्लार्क दोषीच होते असे आम्ही म्हणत नाही. अँझिओला सैन्य उतरायचे होते, शत्रूला इकडे गुंतवणे भाग होते. पण सेनापतीचा निवाडा युद्धखात्यानेच करावा, हे आम्हांस पटत नाही. आमच्या वर्गाची तपासणी आम्ही मास्तरांनीच केली तर पालक मान्य करतील काय?

त्याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टेक्ससच्या जवानांना दार ठोठावायला निदान आपली संसद होती. पारतंत्र्यातल्या मराठा जवानांना तेवढेही नव्हते.