कृत्रिम पाय आणि विषम शर्यत

आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक सहा सेंटिमीटरने हुकले. ते पटकावणारे कॅनडाचे ग्रेग स्टुअर्ट सात फुटांहून उंच आहेत. त्या उंचीस कोणी हरकत घेतली नाही व ते योग्यच झाले. निसर्गदत्त देणगी खेळात न्याय्य मानली जाते. हीच उंची कारखान्यातून आली, की मात्र वाद उभा राहतो.

जर्मनीचा मार्कुस रेह्म २०१४ साली कृत्रिम पायाने ८.२४ मीटर लांब उडी मारून धडधाकट खेळाडूंत राष्ट्रीय विजेता ठरला, तरीही युरोपीय स्पर्धेच्या संघातून वगळला गेला. पुढच्याच वर्षी जागतिक संघटनेने नियम केला, की अशा पायाचा अवाजवी लाभ होत नाही हे खेळाडूनेच सिद्ध करावे. म्हणजे आरोप संघटनेचा आणि पुराव्याचा खर्च आरोपीचा! क्रीडा लवादाने २०२० साली हा भार अवैध ठरविला. तो खटला लढणारा अमेरिकेचा ब्लेक लीपर मात्र हरला, कारण त्याचे कृत्रिम पाय प्रमाणाबाहेर लांब ठरले. प्रस्तुत लेखकास दोन्ही निर्णय रास्त वाटतात.

परंतु हा वाद जगातील मोजक्या खेळाडूंचा आहे. आपल्याकडे पाय गमावलेल्या तरुणाला लाभलाच तर जयपूर फूट लाभतो. उकिडवे बसता यावे, शेतात वावरता यावे, यासाठी तो घडविला गेला, धावपट्टीसाठी नव्हे. धावण्याचे कार्बनचे पाते निराळे, महाग आणि वजनानुसार निवडावे लागणारे. पॅरालिंपिक समितीच्या धोरणात साधनांची किंमत व उपलब्धता यांचा विचार आहे खरा. पण बाजारात मिळणे आणि परवडणे यांतील भेद अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच शिकवितात. दोन अपंग धावपटूंतील ही तफावत घेऊन कोणी लवादाकडे जात नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला मॅटवर उतरले ते मातीत घडलेले, आणि सहावे आले. त्यांच्या कांस्यपदकाला १९५२ उजाडावे लागले. पुढे मॅट आपल्या तालमींतही आल्या. त्याच न्यायाने सातारा-सांगलीच्या क्रीडा संकुलांत निरनिराळ्या वजनांची चार-सहा पाती शासनाने ठेवावीत. पायाचा साचा ज्याचा त्याला घ्यावा लागेल. पाते सरावापुरते उसने देता येईल.