अंगाच्या जागा, डोक्याच्या जागा

मराठी क्रीडापानावरची विशेषणे दोन डब्यांत ठेवलेली असतात. एका डब्यात ‘अभ्यासू’, ‘तंत्रशुद्ध’, ‘संयमी’, ‘चाणाक्ष’. दुसऱ्यात ‘रांगडा’, ‘उपजत’, ‘नैसर्गिक’, ‘आडदांड’, ‘रक्तातच खेळ असलेला’. वार्ताहर कोणता डबा उघडणार, हे खेळाडू मैदानात काय करतो यावर ठरावे अशी आपली भाबडी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा त्याचे आडनाव, गाव, कातडीचा रंग आणि बोली यांवर आधीच ठरलेले असते. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, खेळाचे तज्ज्ञ नव्हे. परंतु विशेषणे हा आमच्या पोटापाण्याचा विषय आहे आणि विशेषणांनी माणसांना कामाला कसे लावले जाते, हे सांगण्याइतका अधिकार आम्हाला आहे असे आम्ही समजतो.

‘उपजत’ हा शब्द वरवर स्तुतीचा आहे. त्याच्या पोटात मात्र एक नकार दडलेला आहे. ज्याचे कौशल्य उपजत, त्याने ते कमावलेले नाही. त्यामागे विचार नाही, सराव नाही, निवड नाही. म्हणून त्याला संघात घ्यावे, राबवावे, टाळ्याही वाजवाव्यात. पण संघाची सूत्रे त्याच्या हाती देऊ नयेत. सूत्रे डोक्याने हलवायची असतात, आणि डोक्याचा डबा वेगळा.

या विचाराचे सर्वांत उघडे रूप अमेरिकी फुटबॉलमध्ये दिसते. या खेळात क्वार्टरबॅक हा चाल ठरवणारा आणि चेंडू कुणाला द्यायचा हे क्षणात निवडणारा खेळाडू. कृष्णवर्णीय मुलगा शाळेत कितीही चांगला क्वार्टरबॅक असो, वरच्या पातळीवर भरती करताना त्याला धावणाऱ्याच्या किंवा बचावाच्या जागेवर हलवायचे, हा तिथला अनेक दशकांचा रिवाज होता. वॉरन मून या खेळाडूने विद्यापीठाच्या संघाला मोठे विजेतेपद मिळवून दिले, तरी १९७८ च्या निवडीत एकाही व्यावसायिक संघाने त्याला घेतले नाही. क्वार्टरबॅक राहण्यासाठी त्याला कॅनडात जाऊन खेळावे लागले. पुढे २००६ मध्ये त्याच खेळाच्या कीर्तिदालनात त्याचा समावेश झाला. २०१८ साली लमार जॅक्सनलाही जागा बदलण्याचा सल्ला जाणकारांनी दिला; पुढच्याच हंगामात तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे वाचून आपल्याकडचा सुशिक्षित माणूस चुकचुकतो आणि ‘तिकडे वंशवाद फारच’ असे म्हणून चहा मागवतो.

त्या चहावरूनच पुढे जाऊ. पालवणकर बाळू हे चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करण्यापासून त्यांची सुरुवात झाली. नंतर ते गोऱ्यांच्या पूना क्लबात आले. तिथे ते ग्रेग या नामांकित फलंदाजाला तासन् तास सरावाची गोलंदाजी करत. ग्रेग बाद झाला की आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. त्या सगळ्या वर्षांत बाळूंना कुणी एकदाही फलंदाजी करू दिली नाही. बॅट साहेबांची, चेंडू नोकराचा. पुढे हिंदूंच्या क्लबाला साहेबांना हरवण्यासाठी याच गोलंदाजाची गरज पडली, तेव्हा मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालू लागला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे.

१९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढे झाल्यावर कप्तानी कुणाकडे जायला हवी होती? ती त्यांना कधीच मिळाली नाही. कप्तान एम. डी. पै यांनी स्वतः एका सत्कारात हा मान बाळूंना मिळायला हवा होता असे बोलून दाखवले. पैंचा मोठेपणा खरा, पण निवड करणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. १९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले गेले. पहिल्या सामन्याला पै नव्हते, तेव्हा ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल पालवणकरांना बाजूला ठेवून कप्तानी दि. ब. देवधरांना दिली गेली. विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. तेव्हा कुठे निवड समितीला जाग आली. अंतिम सामन्यासाठी भावांना परत आणले गेले आणि बाळू उपकप्तान झाले. विठ्ठल कप्तान झाले ते १९२३ साली, आणि त्यांच्या संघाने जिंकूनही दाखवले.

वगळणाऱ्यांचा युक्तिवाद बाळूंना खेळता येत नाही असा नव्हताच. खेळता येते म्हणून तर ते हवे होते. प्रश्न जागेचा होता. आणि इथे एक गंमत (तिला गंमत म्हणवत नाही) आमच्या लक्षात आली. बाळू टाकत ती फिरकी गोलंदाजी त्या काळी राबणाऱ्याची मजुरी समजली जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसन्ना, वेंकटराघवन आणि पुढे कुंबळे, अश्विन असे अभियांत्रिकी शिकलेले खेळाडू फिरकी टाकू लागले, तेव्हा तीच कला एकाएकी बुद्धीची, गणिताची, ‘फलंदाजाच्या मनाशी खेळण्याची’ झाली. या थोर गोलंदाजांच्या बुद्धीबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती बाळूंच्या बुद्धीचा उल्लेख करताना आपल्याला शब्द का सुचत नाहीत याबद्दल. चेंडू तोच, बोटे तीच, उंची आणि वेग बदलत राहण्याची युक्तीही तीच. हात बदलला तसे विशेषण बदलले. तेव्हा एखादी जागा डोक्याची की अंगाची हे त्या जागेवरच्या कामाने ठरत नाही. तिथे कोण उभा आहे ते पाहून ठरते.

इंग्रजांनी हे लष्करात आधीच करून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जमाती’ आणि ‘बिनलढाऊ जमाती’ अशी वाटणी पक्की झाली आणि पिढ्यान् पिढ्या कंपनी सरकारच्या पलटणीत लढलेल्या महारांची भरती बंद केली गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तशी महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपले तशी ती मोडली. १९४१ मध्ये, पुन्हा युद्ध आल्यावर, महार रेजिमेंट आली. एखाद्या जातीचे रक्त गरजेप्रमाणे लढाऊ आणि बिनलढाऊ होते, यावरून रक्ताबद्दल काहीच कळत नाही. भरती करणाऱ्याबद्दल मात्र बरेच कळते.

आता आमच्या कोल्हापुराकडे. येथे फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावे उच्चारताच घराघरांत दोन तट पडतात, आणि शाहू स्टेडियममध्ये सामना असला की त्या दिवशी तास घेण्यात अर्थ नसतो. गेल्या काही वर्षांत या संघांनी आफ्रिकी खेळाडू, विशेषतः नायजेरियन, हंगामापुरते आणायला सुरुवात केली. पेठेने त्यांना प्रेम दिले, हे मान्य. त्यांच्या नावाच्या आरोळ्या उठतात, त्यांना तांबडा-पांढरा पाजला जातो. पण गॅलरीत बसून त्यांच्याबद्दल काय बोलले जाते ते ऐकावे. ‘रेडा आहे रेडा’, ‘नुसता धक्का दिला तरी समोरचा झोपतोय’, ‘त्याला पुढं उभा करा, डोकं आपली पोरं चालवतील.’ हे शेवटचे वाक्य एका संघाच्या व्यवस्थापकाच्या तोंडून आम्ही ऐकले. संघाचे नाव सांगत नाही, कारण वाक्य कोणत्याही संघाचे असू शकते. त्या वेळी मैदानात तो परदेशी खेळाडू मधल्या फळीत मागे येऊन, हात दाखवून, आमच्या पोरांना कुठे उभे राहायचे ते समजावत होता. म्हणजे डोके नेमके तोच चालवत होता. पण ते दिसायला आधी डब्याचे झाकण उघडावे लागते.

यावर ठरलेला प्रतिवाद असा की, अहो, शरीरे वेगवेगळी असतातच. आफ्रिकी माणसे धावण्यात पुढे आहेत हे ऑलिंपिकमध्ये दिसत नाही का? या प्रतिवादाची परीक्षा आपल्या शेजारीच होऊन गेली आहे. कोल्हापूरहून बेळगाव ओलांडून खाली उतरले की हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी वस्त्या लागतात. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून, बव्हंशी गुलाम म्हणून, गोव्यामार्गे इकडे आले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय क्रीडा प्राधिकरणाला साक्षात्कार झाला की हे आफ्रिकी वंशाचे लोक आहेत, तेव्हा ते धावतील आणि देशाला पदके मिळतील. मुले-मुली निवडली गेली, त्यांना प्रशिक्षण केंद्रांत ठेवले गेले. काहींनी खरोखर पदके मिळवली. चांगला आहार, चांगले मैदान आणि चांगला मार्गदर्शक मिळाला की गरीब घरातली पोरे पदके मिळवतात, त्याला आफ्रिका लागत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला योजना गुंडाळली गेली आणि त्यांतली अनेक मुले पुन्हा मजुरीला लागली. त्यांच्या रक्तात काय आहे याची सरकारने चौकशी केली. त्यांना काय व्हायचे आहे, पळणे थांबल्यावर ती काय करतील, हा प्रश्न त्या योजनेत नव्हता.

शरीरे वेगवेगळी असतात हे आम्ही नाकारत नाही. खाशाबा जाधवांचेही शरीर वेगळे होते. इतके लहानखुरे की हा काय कुस्ती करणार, असे सुरुवातीला म्हटले गेल्याची हकिकत सांगतात. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून पैसे उभे केले होते, ही गोष्ट कोल्हापुरात प्रत्येकाला ठाऊक असते. पण खाशाबांची कुस्ती म्हणजे ढाक, म्हणजे डाव, म्हणजे समोरच्याच्या जोराचा हिशेब क्षणात करणे, हे सांगणारा क्वचित भेटतो. आम्हाला आवडते ते ‘मातीचा गुण’ म्हणणे. मातीला गुण दिला की माणसाला द्यावा लागत नाही.

आणि इथे आम्ही कोल्हापूरकर स्वतःच त्या दुसऱ्या डब्यात जाऊन बसलो आहोत. ‘रांगडा गडी’ हे विशेषण आम्ही मिरवतो, फलकांवर रंगवतो, चित्रपटात दिसले की शिट्ट्या मारतो. पुण्या-मुंबईतल्या मुलाखतीत तेच विशेषण आमच्या विद्यार्थ्याच्या कपाळावर चिकटते तेव्हा मात्र त्याला अर्थ कळत नाही. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतून आमच्या वर्गात येणारा सहा फुटी मुलगा दिसला की त्याला शिक्षकांसह सगळे विचारतात, ‘भरतीची तयारी करतोस ना?’ त्याच्या हातात कवितासंग्रह असला तरी विचारतात. अंगकाठी बारीक असलेल्या, प्रमाण भाषा बोलणाऱ्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याला स्पर्धा परीक्षेचे पुस्तक सुचवले जाते. दोघांपैकी कुणाच्याही उत्तरपत्रिका तोवर कुणी पाहिलेल्या नसतात. पोलीसभरतीला कमी लेखण्याचा हेतू नाही. ती निवड त्याची असावी, त्याच्या खांद्यांच्या रुंदीची नसावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शाहू महाराजांनी या नगरीत खासबाग मैदान उभारले आणि मल्लांना आश्रय दिला, म्हणून आपण त्यांना कुस्तीच्या बाजूने फार आठवतो. त्याच महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडले आणि अस्पृश्य समाजातल्या माणसांना तलाठी म्हणून नेमले. तलाठी म्हणजे गावचे दप्तर, गावचा हिशेब, गावची लेखणी. ज्यांच्या अंगमेहनतीवर गाव चालत होते त्यांच्या हाती गावचे डोके दिले. त्यावर त्या काळी जो गहजब झाला, त्यात ‘यांना हे जमणार नाही’ हे पालुपद होतेच.

येत्या हंगामात पेठांच्या संघांनी एक साधी गोष्ट करून पाहावी. पाहुणा खेळाडू बसमधून उतरला की त्याची उंची मोजण्याआधी त्याला विचारावे, बाबा, तू आजवर कुठल्या जागेवर खेळलास आणि तुला कुठे खेळायचे आहे? हाच प्रश्न उपनगरातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या आपल्या पोरांनाही विचारावा. वार्ताहर मित्रांनी ‘उपजत’ हा शब्द वर्षभर वापरू नये. तो गाळल्यावर जी जागा रिकामी राहील तिथे खेळाडूने नेमके काय केले ते लिहावे लागेल. आमच्या सहकाऱ्यांसाठी काम त्याहून सोपे आहे. जूनमध्ये पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होतील. मागच्या बाकावरच्या त्या उंच मुलाला भरतीचे विचारू नका, त्याने काय वाचले आहे ते विचारा.