कपाटातला यंत्रमानव

अफझलगंजच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातून निघून पायी थोडे चालले की कोठीची गुजराती गल्ली लागते. लहान मोटारी, ट्रान्झिस्टर, रोधक, तारा, जे मागाल ते तेथे सुटे मिळते. तरीही आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की, यंत्रमानव करायचा म्हणजे हजारो रुपयांची रंगीत पेटीच विकत आणली पाहिजे. ही समजूत खोडून काढावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

अशी एक पेटी मी शाळेत असताना पाहिली होती. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर तिच्यातली गाडी ऐटीत धावली, टाळ्या पडल्या. पुढे चार्जर बिघडला. तसला दुसरा बाजारात मिळेना. पेटी कपाटात गेली व किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. मुलांनी हात लावला तर मोडेल, ही भीती तर पहिल्या दिवसापासूनच होती!

2016 साली नीती आयोगाने अटल टिंकरिंग लॅब योजना सुरू केली आणि निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केली. योजना स्तुत्यच आहे. पण ज्या शाळेची निवड होत नाही, तिथल्या मुलांनी काय करायचे?

थोडा इतिहास पाहू. 1948-49 च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे डॉ. ग्रे वॉल्टर यांनी दोन यांत्रिक कासवे बनविली. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह, दोन मोटारी, एक प्रकाशघट आणि धक्का लागताच जुळणारा एक संपर्क, बस्स. दातेरी चाके जुन्या घड्याळांतून आणि गॅस मीटरांतून काढलेली. एवढ्यावर ती कासवे उजेडाकडे जात व अडथळा आला की वळसा घालीत. आपल्याकडे कानपूर आय.आय.टी.चे अभियंते अरविंद गुप्ता 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी मुलांना भूमिती शिकविली. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी केली. महागड्या पेटीवाचून या दोघांचेही काही अडले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आणि माझ्या एका कन्नड मित्राने हा प्रयोग केला. दोन मोटारी, दोन प्रकाशसंवेदी रोधक, दोन ट्रान्झिस्टर, पेन्सिल सेल, पुठ्ठ्याचा सांगाडा आणि बाटल्यांच्या झाकणांची चाके. उजेड पडला की रोध कमी होतो, ट्रान्झिस्टरला प्रवाह मिळतो व मोटार जोरात फिरते. डाव्या डोळ्याची तार उजव्या मोटारीला आणि उजव्याची डाव्या मोटारीला जोडली, की गाडी उजेडाकडे वळते.

पहिल्या दिवशी आम्ही तीन ट्रान्झिस्टर जाळले. दुकानदाराने विचारले, "मोटर कितना करंट खींचती है?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. बी.एस्सी.चे विद्यार्थी आम्ही! त्याने मोठा प्रवाह पेलणारा ट्रान्झिस्टर हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तारा चुकून सरळ जोडल्या गेल्या आणि गाडी उजेडाला पाठ दाखवून पलंगाखाली शिरली. तासभर डोके खाजविल्यावर चूक कळली. तयार पेटीतील प्लग योग्य जागीच बसतात, त्यामुळे ही चूक तिच्यात होऊच शकत नाही. तिच्याविरुद्ध माझी मुख्य तक्रार हीच आहे. किंमत हा नंतरचा मुद्दा.

(कारेल चापेकच्या 1920 च्या नाटकातून आलेला 'रोबो' हा शब्द मुळात वेठीच्या कामावरून निघाला आहे. दुसऱ्याने आखलेले जोडकाम मुकाट्याने करणारे आम्ही विद्यार्थी त्यात बसतो की नाही, कोण जाणे.)

माझी सूचना एवढीच : प्रयोगशाळेने सुट्या भागांचे संच कागदी पाकिटात घालून द्यावेत. पाकिटातला प्रत्येक भाग कोठीत मिळणारा असावा आणि मोडल्यास दंड नसावा. सोबतचे माहितीपत्रक मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत आम्ही दोघे लिहून देऊ; 'रोधक' हा शब्द दोन्हींत एकच असल्याने निम्मे काम सोपे झाले आहे. जळालेल्या तीन ट्रान्झिस्टरांची हकीकत त्यात ठेवावी की गाळावी, यावर मात्र आमचे अजून एकमत नाही. मित्र म्हणतो, गाळावी. मी म्हणतो, ती पहिल्याच पानावर हवी.