व्यवस्थापनाच्या पुस्तकातला राहिलेला धडा

मोरव्यातून भाईंदर स्टेशन गाठून बी.एम.एस.च्या वर्गाला जाणारी आपली मुले हिशेब, विपणन, मनुष्यबळ शिकतात. शिकावेच. परंतु कर्ज कोणाला नाकारले जाते आणि गिऱ्हाईक कोणाकडे फिरकत नाही, याविषयी त्यांच्या पुस्तकांत आम्हांस फारसे काही आढळले नाही. बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली होती; जात कळताच गिऱ्हाइके आटली, पेढी बंद पडली. पुढे १९१८ साली तेच गृहस्थ सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले! उद्योजकतेच्या तासाला हे उदाहरण प्रकल्प म्हणून द्यावे, अशी आमची प्राध्यापकांस विनंती आहे. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांची दुकाने वा कंत्राटे आहेत, त्यांनी इंटर्नशिपसाठी आपली खातेवही या मुलांपुढे उघडावी.