कम्युनिकेशन गॅप म्हणे!



'कम्युनिकेशन गॅप' हा शब्द ज्याने पहिल्यांदा ऑफिसात आणला ना, त्याला एकदा भेटायचंय मला. रिलीज बोंबलली? कम्युनिकेशन गॅप. क्लायंट ओरडला? कम्युनिकेशन गॅप. फार सोयीचा शब्द आहे, कारण तो वापरला की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. दोघांच्या मध्ये एक खड्डा होता आणि खरी माहिती त्यात पडली, बस्स. खड्डा कुणी खणला हे विचारायचं नाही.

हल्ली विमानांच्या बाबतीतही हेच ऐकतोय. विमान पाठवणारे आणि विमान दुरुस्त करणारे, म्हणजे डिस्पॅच आणि मेंटेनन्स, यांच्यात म्हणे संवाद कमी पडतो. उपाय काय? ट्रेनिंग, वर्कशॉप, नवं सॉफ्टवेअर. माझं म्हणणं सरळ आहे: गॅपबिप काही नाही. दोघांनाही बोलता येतं. फक्त खरं बोलायचं बिल बोलणाऱ्याच्या नावावर फाटतं, म्हणून कुणी बोलत नाही.

आता हिंगोलीच्या माणसाने विमानावर कशाला बोलावं? आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही, जवळचा म्हणजे नांदेड. पण हे भांडण समजायला विमानतळ लागत नाही हो, एसटीचं आगार पुरतं. आगारात दोन घरं असतात. वाहतूक शाखा गाडी सोडते, यंत्र शाखा ती चालती ठेवते. पहिलीचा हिशोब रद्द फेऱ्या नि बुडालेले किलोमीटर. दुसरीचा हिशोब दर दहा हजार किलोमीटरमागे किती गाड्या रस्त्यात बंद पडल्या. समजा ड्रायव्हरने रात्री गाडी लावताना लिहून दिलं की ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. सकाळी सेनगावची फेरी उभी आहे, पब्लिक खोळंबलंय, शाळेची पोरं आहेत. गाडी थांबवली तर किलोमीटर वाहतूक नियंत्रकाचे बुडणार. पार्ट नाही म्हटलं तर ते वर्कशॉपवर शेकणार. मग त्या कागदावर काय शेरा पडायचा तुम्हाला वाटतं? 'तपासले. ठीक.' आणि दोनचारदा असा शेरा वाचल्यावर ड्रायव्हर लिहायचंच सोडून देतो.

२०२३ च्या जुलैमधला तो व्हिडिओ आठवतोय? अहेरी आगाराची बस गडचिरोलीच्या रस्त्यावर धावतेय आणि छप्पर सुटून पंख्यासारखं वरखाली फडफडतंय. सगळ्यांनी हसण्याच्या स्मायल्या टाकून पुढे पाठवला. नंतर यंत्र अभियंत्यावर निलंबनाची कारवाई झाली. मला सांगा, छप्पर फाटलंय हे कळायला कसला आलाय संवाद? ते न बोलता दिसतं! ज्यांनी ज्यांनी ती बस पाहिली त्या सगळ्यांना दिसत होतं. तरी ती रस्त्यावर आली, कारण गाडी थांबवायचा भुर्दंड स्वतःवर घ्यायला कुणी तयार नव्हतं. एक माणूस निलंबित करून हा हिशोब बदलतो का?

असो. आता विमानाकडे.

विमान सगळं शंभर टक्के ठीक असल्यावरच उडतं असं नसतं बरं का. मिनिमम इक्विपमेंट लिस्ट नावाची एक यादी असते. त्यात लिहिलेलं असतं की अमुक गोष्ट बंद असली तरी तमुक अटींवर उडता येईल, आणि दुरुस्ती इतक्या दिवसांत झालीच पाहिजे. 'बी' गटाला ३ दिवस, 'सी' ला १०, 'डी' ला १२०. यादी शहाणपणाची आहे, माझी तक्रार नाही. पण बर्फ वितळवणारी यंत्रणा बंद असेल तर डिस्पॅचरने आखलेला ढगांतला मार्ग बदलतो. एका इंजिनाचा रिव्हर्सर बंद असेल तर ओल्या धावपट्टीवर उतरायचा हिशोब बदलतो. म्हणजे इंजिनिअरने लिहिलेली एक ओळ डिस्पॅचरच्या टेबलावर वेळेत पोचलीच पाहिजे. मग ती पोचण्यात अडथळा काय?

अडथळा म्हणजे मिनिटं. विमानाला उशीर झाला की त्या उशिराला एक कोड चिकटवतात. विमानात बिघाड म्हणून उशीर झाला तर कोड ४१. म्हणजे प्रत्येक मिनिट कुठल्यातरी खात्याच्या नावावर चढतं. महिनाअखेरीस मीटिंगमध्ये ते पडद्यावर दिसतं, लाल रंगात. आता रात्री अडीच वाजता, सहाच्या फ्लाइटआधी, कुठला इंजिनिअर हौसेने स्वतःच्या खात्यावर चाळीस मिनिटं लिहून घेईल?

हे मी मनचं सांगत नाही. जून २०२५ मध्ये डीजीसीएने मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर रात्री आणि पहाटे तपासणी केली. त्यात निघालं की तेच ते बिघाड त्याच विमानांत पुन्हा पुन्हा येतायत. आणि दुसरी गोष्ट, जी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: विमानाच्या यंत्रणेने स्वतःहून दिलेले बिघाडाचे रिपोर्ट टेक्निकल लॉगबुकात नोंदलेलेच नव्हते. यंत्र बोललं, माणसाने लिहिलं नाही! याला गॅप म्हणायचं? मग त्याच नोव्हेंबरात एअर इंडियाचं एक ए-३२०, उड्डाणयोग्यतेच्या वार्षिक प्रमाणपत्राची मुदत संपलेली असताना, आठ उड्डाणं करून आलं. कंपनीनेच ते डीजीसीएला कळवलं, हे मान्य करायला हवं. पण तारीख तर कागदावर छापलेली होती. आठ वेळा विमान सुटलं, आणि एकदाही कुणाच्या स्क्रीनवर अशी गोष्ट आली नाही जिच्यापुढे बटण दाबताच येणार नाही.

न लिहिण्याची किंमत बघायची असेल तर इंडोनेशियात जा. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचं ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला आलं. वाटेत ते सारखं नाक खाली घालत होतं, कॅप्टनचा स्टिक जवळजवळ पूर्ण वेळ थरथरत होता, शेवटी ट्रिमचे स्विच बंद करून त्यांनी विमान आणलं. उतरल्यावर लॉगमध्ये काय लिहिलं? वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, एक दिवा लागतोय. थरथर नाही, स्विच नाही. इंजिनिअरनी लिहिलं होतं तेवढंच दुरुस्त केलं: नळ्या साफ, कनेक्टर साफ, टेस्ट ओके. सकाळी तेच विमान नव्या पायलटांना मिळालं आणि १८९ माणसं समुद्रात गेली. मूळ पाप बोइंगच्या डिझाइनचं, वाद नाही. पण त्या रात्री विमानाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एका माणसाला माहीत होती आणि कागदाला नव्हती.

इथे आपली जमात येते, सॉफ्टवेअरवाल्यांची. आपण काय विकतो? डॅशबोर्ड. बिघाडासाठी ड्रॉपडाऊन, चाळीस पर्याय, आणि शेवटी 'इतर'. माणसाला सांगायचं असतं 'विमान माझ्या हातातून निसटत होतं', आणि आपण त्याला विचारतो, कॅटेगरी निवडा! वर तिकिट क्लोज व्हायला किती वेळ लागला ते मोजतो, म्हणजे लवकर क्लोज करणारा शहाणा. तेच तिकिट चौथ्यांदा उघडलं तर ते नवीन नंबरने उघडतं, नि आलेख हिरवाच राहतो. हे मी एका क्लायंटकडे डोळ्यांनी पाहिलंय. तिथे 'रिपीट' हा कॉलम मागितला तर उत्तर मिळालं, फेज टू मध्ये बघू. फेज टू अर्थातच आली नाही :)

डीजीसीए दर महिन्याला कुठली कंपनी किती वेळेवर उडाली याचा तक्ता जाहीर करते. आपण तो वाचून तिकिटं काढतो आणि पंधरा मिनिटं उशीर झाला की ट्विटरवर, आता एक्सवर, शिव्या घालतो. त्या तक्त्यात अजून एक कॉलम टाका: याच विमानात हाच बिघाड तीस दिवसांत कितीदा आला. कंपनीनिहाय, नावासकट. आणि बिघाड लिहिल्यामुळे झालेला उशीर कुठल्याच खात्यावर टाकू नका, तो कोडच वेगळा ठेवा. एसटीलाही तेच. हिंगोलीच्या स्टँडवर वेळापत्रकाचा फळा असतो ना, त्याच्या शेजारी दुसरा फळा लावा: कुठल्या नंबरची गाडी, कुठला बिघाड, कितव्यांदा. सेनगावला जाणारी म्हातारी तो वाचेल न वाचेल. सकाळी गाडी सोडणारा मात्र रोज त्याच्यासमोरून जाईल.