गवताला झाड म्हणणारा कायदा आणि धामणीचा तिरकामठा



मी राहतो तळेगाव दाभाड्याला. एका अंगाला एमआयडीसी आणि चाकणकडे रात्रंदिवस धावणारे ट्रक, दुसऱ्या अंगाला आंदर मावळाचे डोंगर. कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातले कार्यकर्ते इथे आले की म्हणतात, तुमच्याकडे आता शेती उरलीच कुठे? म्हणून यावेळी डोंगराच्या अंगाची हकिगत सांगतो. विषय आहे तिरकामठा. कपाशीच्या भावाचे सोडून हे काय काढले, असे वाटेल. थोडा धीर धरा.

आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीत एक बाबा अजून धनुष्य घडवतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्याजवळ मी चार दिवस बसलो. कृषी पदवीधर माणूस, लाकडाबद्दल आपल्याला कळते असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी उतरला.

लाकूड धामणीचे. धामण म्हणजे साप नव्हे, झाड. गाडीच्या दांड्या, कुऱ्हाडीचे दांडे याचेच करतात, कारण ते लवते आणि मोडत नाही. संस्कृतात याचे नावच धनुर्वृक्ष. बाबांनी ओंडका आपल्याच वरकस जमिनीतून आणला होता. त्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंपून तो वर्षभर चुलीवरच्या आढ्याला ठेवलेला. शेण कशासाठी? लाकडाचे पाणी तोंडाकडून झपाट्याने उडते आणि ओंडका तडकतो. तोंड लिंपले की तो सावकाश, सारखा वाळतो. हे मी पुस्तकात शिकलो होतो. बाबांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

मी म्हणालो, करवतीने कापू, वेळ वाचेल. बाबा हसले. "करवतीला रेष दिसती व्हय, दादा?" त्यांनी पाचर मारून ओंडका फाडला. फाडला की चीर धाग्याच्या वाटेने जाते, करवत धागा मधेच तोडते. धनुष्य वाकते तेव्हा त्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीवरचा एक धागा जरी तुटलेला असला तरी मोडायला सुरुवात तिथूनच. म्हणून पाठीला हत्यार लावायचे नाही, जे तासायचे ते पोटाकडून.

मग खरे काम. दोरी लावून थोडे ओढायचे, लांब धरून बघायचे आणि तागडीची दोन पारडी बघावीत तशी दोन्ही बाजूंची वाक बघायची. जी बाजू ताठ तिथून सोलायचे. जिथे जास्त वाकते तिथे हात लावायचा नाही. शिकाऊ माणूस नेमका तिथेच हात घालतो. मीही घातला, ओरडा खाल्ला. शेवटचे सोलणे कोयत्याने होत नाही, फुटक्या काचेच्या धारेने होते. काच तळेगावची आहे का, असे मी गमतीने विचारले. आमच्या गावात १९०८ साली पैसा फंडाच्या पैशातून काच कारखाना उभा राहिला, तो अभिमान मनात असतो. बाबा म्हणाले, बाटलीची आहे.

दोरी सुताची नाही, वेळूची. पक्क्या वेळूच्या पाठीची लांब, पातळ पट्टी काढायची आणि टोकांना वाखाने गुंफायची. वेळूचा मजबूत धागा सालीलगत दाट असतो, आतला भाग भुसभुशीत. सातपुड्यातल्या भिल्लांचे तर धनुष्यही वेळूचे आणि दोरीही वेळूचीच. वेळू पावसाळा सरल्यावर तोडायचा, त्यात साखर-पिठूळ कमी असते आणि भुंगा लागत नाही.

आता मुद्द्यावर येतो. वेळू हे झाड नाही. ते गवत आहे. ज्वारी, बाजरी, ऊस आणि वेळू एकाच कुळातले. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वेळूला झाड ठरवले. झाड म्हटले की तोडायला परवानगी, वाहायला पास आणि नाक्यावर उभे राहणे आले. स्वतःच्या बांधावरचा वेळू घेऊन जाणारा शेतकरी संशयित झाला. ही चूक दुरुस्त व्हायला २०१७ साल उजाडले, आणि तीही जंगलाबाहेरच्या वेळूपुरती. नव्वद वर्षे! उद्या कोणी ज्वारीच्या धांड्याला झाड म्हटले असते, तर कडब्याची पेंढी न्यायलाही पास लागला असता.

जंगल वाचवायला हे केले म्हणावे, तर दांडेलीच्या कागद गिरणीला टनाला दीड रुपया दराने बांबू दिला गेला. माधव गाडगीळांनी ते लिहून ठेवले आहे. गिरणीला फुकटच्या भावात आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारभावाने. कोणाचा हात जंगलावर चालला, तुम्हीच सांगा. कापूसवाल्यांना हे नवे नाही. १९७२ पासून एकाधिकार खरेदीत आपलाच कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेणे गुन्हा होता. आपण पिकवायचे आणि कुठे न्यायचे हे दुसऱ्याने ठरवायचे, हाच तो कायदा. धनुष्याच्या वाट्याला तर १८७८ चा शस्त्र कायदाही आला. त्यात तलवार-भाल्यांबरोबर धनुष्यबाणही मोजलेले होते.

उलटे उदाहरणही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. गाव बांबू विकू लागले.

पण २००६ च्या त्या कायद्यातही मेख आहे. गौण वनोपजात बांबू बसतो, लाकूड बसत नाही. म्हणजे हक्क मान्य झाला तरी ठाकराला जंगलातून दोरी मिळेल, धनुष्य मिळणार नाही.

गैरसमज नको म्हणून सांगतो. तिरकामठा घेऊन रानडुकरांच्या मागे लागा असे मी म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे आणि खटला शेतकऱ्यावरच होईल. डुकरे आणि रोही ज्वारी लोळवतात, माळ्यावर बसून गोफण फिरवत रात्री जातात, त्यावर स्वतंत्र लढा हवा. बाबाही आता शिकारीला जात नाहीत. सणाला धनुष्य बाहेर काढतात. नातू चाकणला पाळीवर जातो. आजोबांकडून शिकायचे तर लाकूड आणायचे कुठून, हा त्याचा प्रश्न. त्याला उत्तर देता आले नाही.

ज्याला धामणीची गरज आहे तो धामण राखतो. दांड्याला, जुवाला, धनुष्याला उपयोगी झाड शेतकरी बांधावर वाढू देतो. तोडताना कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार असे कळले, की रोप हातभर असतानाच उपटून टाकतो. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळे स्वतःच्या रानातला साग आणि मोह तोडायलाही परवानगी लागते. किती बांधांवरची सागाची रोपे यापायी गेली, ते तुमच्या गावात तुम्ही पाहिलेच असेल.

जिल्हा बैठकीत हाच विषय घ्यावा असे मी सुचवले आहे. स्वतःच्या रानातले लाकूड किंवा वेळू नेताना कोणाला अडवले, किती दिवस अर्ज पडून राहिला, किती पैसे मोजावे लागले, याचे कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते बरोबर आणावेत. कागद नसेल तर तारीख आणि नाक्याचे नाव लिहून आणले तरी चालेल.