ठिगळ लावण्यापूर्वीं

विरारपर्यंत धांवणारी लोकल २०१३ सालीं डहाणू रोडपर्यंत आली. मुंबईच्या संगणक-कचेऱ्यांत नोकरी करून रात्रीं घरीं परतणारीं मुलें-मुली आतां येथील कित्येक कुटुंबांत आहेत. ‘आज पॅच पाठविला’ असें ती मंडळी जेवतांना बोलतात, आणि वडीलधाऱ्यांस त्याचा उलगडा होत नाहीं. पॅच म्हणजे ठिगळ. सगळा प्रोग्राम न पाठवितां केवळ बदललेल्या ओळी लिहून धाडावयाच्या, ती ही चिठ्ठी.

१९७४ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डग्लस मॅकिलरॉय यांनीं दोन लेखांतील फरक काढणारा ‘डिफ’ सिद्ध केला. १९८५ सालीं लॅरी वॉल यांनीं तो फरक मूळ लेखांत उतरविणारा ‘पॅच’ लिहिला. आमच्या वाचकांस ही रीत परकी वाटूं नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध होत असतां कागदाच्या माथ्यावर एक श्लोक लिहून, त्याखालीं प्रत्येक हस्तलिखितांतील पाठभेद अक्षरशः नोंदीत असत. माथ्यावरचा श्लोकच डळमळता असता, तर खालच्या नोंदींस अर्थ तो काय उरता? तेथें निदान नोंदणारे पंडित होते. डिफला विवेक नाहीं. भेद दिसला कीं तो लिहितो.

समजा, घरांतील मुलीस एखाद्या मुक्त प्रोग्रामाच्या मराठी भाषांतरांतील एक अशुद्ध शब्द सुधारावयाचा आहे. बदल एका ओळीचा. परंतु पडताळ्यासाठीं तिनें प्रोग्राम बांधला, आणि यंत्रानें घडविलेल्या शेंकडों फाइली त्याच जागीं येऊन पडल्या. एखादींत तिचा स्वतःचा परवलीचा शब्दही असावयाचा! आतां तुलना केली तर ती एक ओळ त्या ढिगाखालीं गडप होते. पलीकडे तपासणारा पुष्कळदां फावल्या वेळीं विनावेतन राबणारा असतो. असलें बाड तो परत धाडतो. परवलीचा शब्द मात्र जगजाहीर झालेला असतो.

म्हणून आरंभींच मूळ प्रत अस्पर्श ठेवावी, काम दुसऱ्या प्रतींत करावें, आणि तुलनेपूर्वीं ‘मेक क्लीन’ ही आज्ञा द्यावी. लिनक्सच्या गाभ्यांत याहून कडक आज्ञा आहे, तिचें नांव ‘मिस्टर प्रॉपर’, म्हणजे युरोपांत लादी पुसण्याच्या एका द्रवाचें! ती आपल्या निवडींची नोंदही पुसून टाकते. ती नोंद आधींच दुसरीकडे ठेवावी. २००५ सालच्या ‘गिट’नें मूळ प्रत राखण्याचें ओझें पुष्कळ हलकें केलें हें खरें, पण ‘सगळें घे’ असें सरसकट सांगितल्यास, वगळण्याच्या यादींत नसलेला कचरा तोही उचलतो.

तयार झालेला पॅच स्वतः वाचावा, व मूळ प्रतीच्या नव्या नकलेवर लावून प्रोग्राम पुन्हां बांधून पाहावा. घरांत संगणक एक आणि हात अनेक असतील, तर मूळ प्रत ‘केवळ वाचनार्थ’ करून ठेवणें बरें. नाहीं तर धाकटे चिरंजीव नेमकी तीच उघडून बसतात.